पोत्यातील दया

बालाघाट जिल्ह्यातील परसवाड्यासारख्या धानाच्या मुलखात कोठारांमागे उंदीर आणि उंदरांमागे मांजरे येणारच. आणि मांजराची मादी सहा महिन्यांची होते न होते तोच विऊ शकत असल्यामुळे, एखाद्या पडक्या घरात झालेल्या एका विणीतून थोड्याच काळात माणसाच्या हाताचा स्पर्श ठाऊक नसलेल्या, अर्धवन्य अशा मांजरांची वसाहत उभी राहते. मग कुरबुरी सुरू होतात आणि मांजरांचा बंदोबस्त करावा असे ठरते. मांजर मारल्यास काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत लोकमनात खोल रुजलेली असल्याने हत्या बहुधा टळते. परंतु तिच्या जागी पोते येते. मांजरे पोत्यात भरून नदीपलीकडे किंवा जंगलाच्या कडेला सोडली की आपण जीवदान दिले, असे समाधान मनुष्य मानून घेतो.

हे समाधान मला मान्य नाही. मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरवते ती जागा पारखून. पोत्यातून बाहेर पडलेल्या जनावराला मात्र ना आडोसा ठाऊक असतो, ना पाणी. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. शिवाय जी तगतात ती पाखरांवर जगतात, आपले रोग रानात नेतात आणि रानमांजरांशी त्यांचा संकर होण्याचे भय असते. इकडे रिकाम्या झालेल्या जागी, अन्न तसेच राहिल्याने, नवी मांजरे येतात.

स्थलांतर ही केवढी गंभीर गोष्ट आहे, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. कान्हाच्या राष्ट्रीय उद्यानात वाढवलेल्या दोन अनाथ वाघिणी 2011 मध्ये पन्नाच्या उद्यानात नेल्या गेल्या, आणि त्यांपैकी एक त्याच वर्षी तेथे व्यालीही; पण 2018 मध्ये ओडिशातील सातकोसियाला पाठवलेल्या वाघांच्या जोडीपैकी कान्हाचा महावीर हा वाघ काही महिन्यांतच मरण पावला, आणि बांधवगडची सुंदरी ही वाघीण, दोन माणसांच्या मृत्यूचा ठपका येऊन आणि गावकऱ्यांचा रोष ओढवून, बंदिवासात पडली; 2021 मध्ये तिची रवानगी कान्हातीलच मुक्कीजवळच्या घोरेलाच्या कुंपणात झाली. ज्यांच्या दारी आपण जीव नेऊन सोडतो त्यांची संमती नसेल, तर त्या दयेचा दंड त्या जीवालाच भरावा लागतो.

म्हणून मांजरांच्या बाबतीत न्याय्य मार्ग थोडा कष्टाचा आहे. दोन महिन्यांच्या आतील पिल्ले माणसाळतात. त्यांना घरे शोधावीत. मोठ्यांना पिंजऱ्यात धरून, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून, खूण म्हणून कानाचे टोक किंचित छाटून, त्यांच्याच जागी परत सोडावे. मुंबई महानगरपालिकेने 2019 पासून भटक्या मांजरांची नसबंदी हाती घेतलीच आहे. घर पाडले जाणार असल्याने हलवणे अटळच असेल, तर नव्या जागी काही आठवडे बंद खोलीत खाऊपिऊ घालून मगच दार उघडावे, आणि तेही तेथील माणसांनी आपणहून होकार दिल्यानंतर.

परसवाड्यातील व्यापाऱ्यांना आणि गृहस्थांना माझी विनंती आहे की, यंदाच्या विणीपूर्वीच चार जणांनी मिळून पशुवैद्याकडे जावे आणि नसबंदीच्या खर्चाची तजवीज करावी.