जुळलं म्हणजे नेमकं काय झालं?

'जुळलं' हा शब्द आपण फार सैल वापरतो. पत्रिका जुळते, यमक जुळतं, मनं जुळतात, हिशेब जुळतो. आणि अधूनमधून बातमीत वाचतो, 'गोळ्या जुळल्या'. पत्रिका जुळणं आणि हिशेब जुळणं यांत किती अंतर आहे, हे आपल्याला न सांगता कळतं. पण गोळ्या जुळणं या दोन्हींपैकी कशाच्या जवळ आहे? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. प्रयोगशाळेचं नाव आलं, की तो हिशेबच आहे असं धरून चालतो.

कोल्हापूरकरांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे फिरून घरी येत होते. सागरमाळ परिसरात, घराजवळच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. मी तेव्हा बारावीत होतो, परीक्षा तोंडावर होती. त्यानंतर मी इंजिनिअरिंग केलं, नोकरीला लागलो, दोन कंपन्या बदलल्या. खटला अजून चालूच आहे. या सगळ्या वर्षांत एक वाक्य मी शहरात कितीतरी वेळा ऐकलं आहे: "फॉरेन्सिकमध्ये सिद्ध झालंय की."

फॉरेन्सिकमध्ये नेमकं काय सिद्ध होतं, हे आधी बघू.

पिस्तुलाच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. जाताना तिच्या अंगावर त्या खाचांचे ओरखडे उठतात. मागे पडणाऱ्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनचा ठसा राहतो. तज्ज्ञ दोन गोळ्या किंवा दोन पुंगळ्या तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतो. एका चित्राचा डावा अर्धा भाग एका गोळीचा, उजवा दुसरीचा. ओरखडे एका बाजूकडून दुसरीकडे सलग गेलेले दिसले, की तो म्हणतो, या एकाच हत्यारातून सुटल्या असाव्यात.

याच पद्धतीने चार खून एका माळेत आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर, पुणे, २० ऑगस्ट २०१३. पानसरे, कोल्हापूर, फेब्रुवारी २०१५. प्रा. एम. एम. कलबुर्गी, धारवाड, ३० ऑगस्ट २०१५. गौरी लंकेश, बंगळूरू, ५ सप्टेंबर २०१७. पानसरे आणि कलबुर्गी यांच्या खुनात एकच पिस्तूल वापरलं गेलं, तेच पुढे लंकेश यांच्यावर चाललं, आणि पानसरेंवर चाललेल्या दुसऱ्या पिस्तुलाचं नातं दाभोलकरांच्या खुनाशी आहे, असं बंगळूरूच्या प्रयोगशाळेच्या अहवालांच्या आधारे तपास यंत्रणांनी सांगितलं. हे जुळवताना हत्यार कोणाच्या हाती नव्हतं. गोळीची तुलना गोळीशी आणि पुंगळीची पुंगळीशी होत होती.

पण ही गोष्ट इतकी सरळ गेली नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१४ च्या सुरुवातीला, दोन संशयितांना अटक झाली होती. त्यांच्याकडच्या पिस्तुलाशी गोळ्या जुळल्याचं तेव्हाही सांगितलं गेलं. मुदतीत आरोपपत्र दाखल झालं नाही, दोघे जामिनावर सुटले. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि खटला वेगळ्याच लोकांवर उभा राहिला. नंतर मुंबईच्या आणि बंगळूरूच्या प्रयोगशाळांच्या मतांत फरक पडला, तेव्हा सीबीआयने उच्च न्यायालयाला सांगितलं, की स्कॉटलंड यार्डचं मत घेऊ. ते जमलं नाही. शेवटी मुद्देमाल गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेला.

हिशेब असता, तर तिसऱ्या माणसाकडे जावं लागलं नसतं. तो कोणीही केला तरी उत्तर एकच आलं असतं.

माझ्या धंद्यात 'जुळणं' दोन प्रकारचं असतं. एक हॅशचं. फाइलवर एक गणित चालवलं, की आकड्या-अक्षरांची एक ठरावीक लांबीची ओळ मिळते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदला, अख्खी ओळ बदलते. दोन फाइलींचे हॅश जुळले, की विषय संपला. म्हणूनच नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात मोबाइलमधला किंवा सीसीटीव्हीचा पुरावा कोर्टात देताना जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश लिहावा लागतो.

दुसरं जुळणं चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं. ते 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. ते म्हणतं, ०.८७. आता ०.८५ च्या वर सगळे 'हो' धरायचे की ०.९५ च्या वर, हे मशीन ठरवत नाही, माणूस ठरवतो. रेघ खाली आणली तर निरपराध माणसं जाळ्यात येतात, वर नेली तर अपराधी निसटतात. रेघ कुठे ओढायची याला गणितात उत्तर नाही. कोणती चूक तुम्हाला जास्त सलते, यावर ते अवलंबून आहे.

गोळ्यांचं जुळणं या दुसऱ्या जातीचं आहे. फरक इतकाच, की इथे ०.८७ हा आकडासुद्धा कोणी सांगत नाही. रेघ तज्ज्ञाच्या डोक्यात असते. ओरखडे 'पुरेसे' जुळतात, असं तो अनुभवाने म्हणतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये अशा पद्धती तपासल्या. हत्यारांच्या तुलनेबद्दल त्यांचा निष्कर्ष होता, की ही पद्धत किती वेळा चुकते हे दाखवणारा पुरेसा अभ्यास अजून झालेला नाही. याचा अर्थ ती खोटी आहे असा नाही. किती विश्वास ठेवायचा, हे आपल्याला मोजून माहीत नाही, असा आहे.

मग बोटांचे ठसे? तिथेही डोळा माणसाचाच. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयने एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड नावाच्या वकिलाशी 'जुळवला'. त्याला अटक झाली. ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं स्पेनच्या पोलिसांनी दाखवून दिलं. पुढे इटिएल ड्रोर या संशोधकाने एक प्रयोग केला. पाच अनुभवी तज्ज्ञांना ठशांची एकेक जोडी दिली आणि सांगितलं, हेच ते मेफिल्डचे चुकीचे जुळवलेले ठसे. खरं तर प्रत्येकाला दिलेली जोडी त्यानेच काही वर्षांपूर्वी 'जुळते' म्हणून ठरवलेली होती. या वेळी तिघे म्हणाले, जुळत नाही. एक म्हणाला, सांगता येत नाही. आपल्या जुन्या मतावर फक्त एक जण टिकला. ठसे तेच होते, डोळे तेच होते. बदलली होती ती फक्त आधी कानावर पडलेली गोष्ट.

कायद्याला हे एका अर्थाने ठाऊक आहे. तज्ज्ञ जे देतो त्याला कायदा 'निर्णय' म्हणत नाही, 'मत' म्हणतो. पण व्यवहारात ते मत कागदावरून येतं. सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल, त्यांना साक्षीला न बोलावताही, पुरावा म्हणून वाचता येतो. न्यायालय त्यांना बोलावू शकतं, पण बोलावलंच पाहिजे असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होणार आहे. त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कोल्हापुरातही सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिथलं काम आता वाढेल. हे चांगलंच आहे. मारून मुटकून घेतलेल्या जबाबापेक्षा रक्ताचा डाग कधीही बरा. पण जितके अहवाल जास्त, तितकं ते 'मत' आहे हे विसरणं सोपं.

आता अवघड भाग. हे सगळं मी चोरीच्या प्रकरणाबद्दल लिहिलं असतं, तर कोणाला खटकलं नसतं. पण पानसरेंच्या बाबतीत, या शहरात, 'गोळ्या जुळल्या म्हणजे नक्की काय झालं' असं विचारलं, की समोरचा जरा थबकतो. तू कोणाच्या बाजूने आहेस? हा प्रश्न चुकीचा नाही. संशय हे बचाव पक्षाचं हत्यार आहे. पैसा आणि पाठबळ असलेल्या माणसाला तो विकत घेता येतो. खटले दहा-दहा वर्षं चालतात, साक्षीदार थकतात, आणि दर तारखेला नवी शंका काढणारा वकील हजर असतो. जानेवारी २०२५ मध्ये या खटल्यातल्या सहा आरोपींना जामीन मिळाला, कारण ते वर्षानुवर्षं आत होते आणि खटला संपत नव्हता. अशा वेळी वैज्ञानिक पुराव्यावर प्रश्न विचारणं म्हणजे सुटायला वाट करून देणं, असं कोणाला वाटलं तर मला ते समजतं.

तरीही मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण ज्यांचे खून झाले त्यांच्याच कामात आहे. दाभोलकर डॉक्टर होते, पानसरे वकील. एकाने आयुष्यभर सांगितलं, चमत्काराचा दावा करणाऱ्याकडे पुरावा मागा. दुसऱ्याने 'शिवाजी कोण होता?' लिहून इतिहासातल्या दाव्यांना तेच विचारलं. पुरावा मागण्याची सवय आपल्याला नकोशा असलेल्या दाव्यांपुरतीच असेल, तर ती विवेकबुद्धी नाही. ते फक्त बाजू निवडणं आहे. खरी कसोटी आपल्याला हवा तो निष्कर्ष समोर येतो तेव्हा लागते. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलं म्हणून मान्य, आणि भगव्या कफनीतल्या माणसाने सांगितलं म्हणून अमान्य, एवढ्यावर थांबलो तर आपण फक्त बुवा बदलला.

मग सोयीचा संशय आणि प्रामाणिक संशय यांत फरक कसा करायचा? मी एक साधी खूण वापरतो. कोड तपासताना कोणी 'मला हे पटत नाही' म्हणालं, की आम्ही विचारतो, काय दाखवलं तर पटेल? ज्याच्याकडे याचं उत्तर नसतं, त्याला फक्त वेळ काढायचा असतो. प्रामाणिक संशय घेणारा आपली अट आधी सांगतो आणि ती पूर्ण झाली की गप्प बसतो. पुराव्याबाबत अशा अटी सांगता येतात, आणि त्या फार महागही नाहीत. दुसऱ्या प्रयोगशाळेला पहिलीचं मत न कळवता मुद्देमाल द्यावा. संशयित कोण आहे, हे तज्ज्ञाला तुलना संपेपर्यंत कळू नये. पद्धत किती वेळा चुकते, हे अहवालात लिहावं. आणि जिथे माणसाचं आयुष्य पणाला लागलं आहे, तिथे तज्ज्ञाने कोर्टात उभं राहून उलटतपासणीला उत्तरं द्यावीत. यातून जो पुरावा तरेल, त्याच्यावर मग कुठलाही महागडा वकील सहज धूळ उडवू शकणार नाही. कडक तपासणीचा फायदा शेवटी खून झालेल्या माणसाच्या घरच्यांनाच होतो.

'शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये,' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ते म्हणणं सोपं आहे, कारण त्या शंभरातला कोणीही आपल्या गल्लीतल्या माणसाचा खुनी नसतो. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडलं. सूत्रधारांपर्यंत तपास पोहोचलाच नाही, असंही नोंदवलं. दोघांना शिक्षा झाली त्यात प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी महत्त्वाच्या ठरल्या. एवढ्या प्रयोगशाळा फिरून आलेल्या प्रकरणात शेवटी 'मी पाहिलं' असं कोर्टात उभं राहून सांगणाऱ्या माणसांचं वजन पडलं.

त्या निकालावर मी समाधानी नाही. सुटलेल्या तिघांबद्दल मला जे वाटतं ते वाटतंच. पण वाटणं आणि ठरणं यांच्यामध्ये न्यायाधीश नावाचा एक माणूस बसवलेला आहे. ती जागा सूक्ष्मदर्शकाला देता येत नाही. कोल्हापूरच्या खटल्याचा निकाल लागेल, तेव्हा तो माझ्या मनासारखा असेल की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी निकालपत्राची पीडीएफ उघडून मी आधी शिक्षेचं पान शोधणार नाही. कोण काय म्हणालं, त्याला उलटतपासणीत काय विचारलं गेलं आणि ते का टिकलं, ती पानं आधी वाचेन.