मुलांना विचारून पाहा

दिल्ली, गुरुग्राम वा नोएडा येथील एखाद्या मराठी कुटुंबास मे-जूनच्या होरपळीत अलास्काच्या सागरसफरीची ओढ वाटावी, हे स्वाभाविक आहे. विमानाने व्हँकुव्हर किंवा सिॲटल गाठावे, पुढे बहुधा सात रात्री जहाजावर. पण वाचकहो, हा बेत आखताना घरातील १५ वर्षांच्या मुलीचे मत घेतले जाते काय? समजा, ती म्हणाली, "इतके इंधन जाळून वितळणारे बर्फ पाहावयास का जावे?"

१७५० च्या सुमारास हिमाने भरलेल्या ग्लेशियर बे या खाडीतील मुख्य हिमनदी आज सुमारे १०० किलोमीटर मागे सरली आहे. हा सारा दोष माणसाचा नव्हे, असे आपण सांगू शकतो, व ते खरेही आहे. तरी तिचा प्रश्न उरतोच. तेथील जुनो शहराने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजे, अशी मर्यादा घातली.

यरुशलेमेच्या प्रवासात बारा वर्षांच्या मुलाचे बोलणे मरीयेला उमगले नाही. तरी तिने ते अंतःकरणात जपले. आपणही तिकिटे काढण्यापूर्वीच विचारावे, आणि "नको" हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवूनच विचारावे.