हिशेबात न धरलेला संबंध

गुप्तरोगाची शंका आलेला माणूस दवाखान्यात गेला की त्याला एक ठरीव प्रश्न विचारला जातो : ‘बाहेर कुठे संबंध आला होता का?’ प्रश्न सभ्य आहे, आडपडदा राखणारा आहे आणि डॉक्टर व रुग्ण या दोघांनाही अवघडलेपणातून सोडवणारा आहे. मात्र त्यातले दोन शब्द तपासाची वाट चुकवतात. ‘संबंध’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात योनिसंभोग येतो. मुखमैथुन हा संबंधाचाच एक प्रकार आहे असे अनेकजण धरत नाहीत, त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे दिलेले असूनही चुकीचे असू शकते. ‘बाहेर’ हा शब्द तर प्रश्न आरोग्याकडून चारित्र्याकडे नेतो. मुखमैथुनातून होणाऱ्या संसर्गाची जोखीम फार मोठी आहे असे या लेखाचे म्हणणे नाही. ती कुणाच्याच हिशेबात धरलेली नाही, आणि चाचणी चारित्र्याच्या अंदाजावर न ठेवता प्रत्यक्ष कृतीवर ठेवल्याशिवाय ती हिशेबात येणार नाही, एवढेच म्हणणे आहे.

ही जोखीम निसटली कशी, याचे एक उत्तर एचआयव्हीच्या इतिहासात आहे. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि पुढची दोन-तीन दशके लैंगिक आरोग्याची बहुतेक सार्वजनिक चर्चा एका विषाणूभोवती फिरली. त्या काळाची ती गरज होती. पण त्यातून धोका मोजण्याची एकच पट्टी लोकांच्या हाती उरली. मुखमैथुनातून एचआयव्ही होण्याची शक्यता अत्यल्प, जवळजवळ नगण्य आहे, ही माहिती खरी आहे. तिच्यावरून ‘म्हणजे यातून काहीच होत नाही’ असा निष्कर्ष काढला गेला, तो खोटा आहे. परमा, उपदंश, हर्पीस आणि एचपीव्ही यांना तोंडाचा मार्ग चालतो. उपदंशाची पहिली जखम ओठावर, जिभेवर किंवा टाळ्यालाही होऊ शकते. ती दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरून येते, आणि आजार मात्र शरीरात राहतो. अमेरिकेत शिकागो शहरात 1998 ते 2002 या काळातल्या प्राथमिक व द्वितीय अवस्थेतील उपदंशाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास 14 टक्के रुग्णांना हा संसर्ग मुखमैथुनातून झाल्याचे आढळले. समलिंगी संबंध असलेल्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे 20 टक्के होते. त्यांपैकी काहींनी धोका टाळण्यासाठीच हा मार्ग निवडला असेल, तर पट्टी चुकीची असल्याची किंमत त्यांनी मोजली असे म्हणावे लागेल.

परम्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात जगभर 15 ते 49 वयोगटात परम्याचे सुमारे 8 कोटी 20 लाख नवे संसर्ग झाले. पुरुषाच्या मूत्रमार्गात परमा झाला की तो बहुधा लपत नाही. जळजळ आणि पू माणसाला दवाखान्यात नेतातच. तोच जिवाणू घशात बसला तर बहुतेकांना काहीही जाणवत नाही. फार तर घसा खवखवतो, आणि खवखवणाऱ्या घशावर कुणी असा विचार करत नाही. लघवीच्या तपासणीत घशातला जिवाणू दिसण्याचा प्रश्नच नसतो. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ असलेला माणूस संसर्ग बाळगून असू शकतो. शिवाय प्रतिजैविके घशात तितकीशी प्रभावी ठरत नाहीत, म्हणून तिथला परमा बरा करणे अधिक अवघड जाते. घशात परम्याच्या जिवाणूचे निरुपद्रवी भाऊबंदही वस्तीला असतात. आपण कोणत्याही कारणाने घेतलेल्या प्रतिजैविकांशी झुंजून ते चिवट झालेले असतात, आणि त्यांची प्रतिकारक जनुके परम्याच्या जिवाणूकडे जाऊ शकतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे परम्यावरचे आजचे मुख्य औषध. त्याला तीव्र प्रतिकार करणारा वाण 2009 मध्ये जपानमधल्या क्योटो शहरात सापडला, तो एका स्त्रीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यात. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णावर नेहमीचे उपचार झाले, तरी त्याच्या घशातला संसर्ग टिकून राहिला. घसा तपासायचा तो एका माणसाच्या भल्यासाठी तर खराच, पण औषध निकामी होण्याची सुरुवात जिथे होते तिथे लक्ष ठेवण्यासाठीही.

आता आपली व्यवस्था पाहू. सरकारी रुग्णालयांतली, गुप्तरोगांसाठीची ‘सुरक्षा’ क्लिनिके मुख्यतः लक्षणांवरून उपचार करतात. स्राव असेल तर एक औषधसंच, जखम असेल तर दुसरा. संच ओळखू यावेत म्हणून त्यांना रंगही दिलेले आहेत. प्रयोगशाळा नसलेल्या गावात रुग्णाला त्याच दिवशी औषध मिळते, हे या पद्धतीचे मोठे यश आहे. तिची मर्यादाही तिच्या स्वरूपातच आहे : ज्याला लक्षण नाही, त्याला या व्यवस्थेत दारच नाही. पतीच्या मूत्रमार्गातला परमा गोळीने बरा झाला आणि पत्नीच्या घशातला तसाच राहिला, तर तो पुन्हा पतीकडे येऊ शकतो, आणि मग औषधालाच दोष दिला जातो. उपदंशाची व एचआयव्हीची रक्तचाचणी सरकारी रुग्णालयात सहज होते, पण घशाच्या नमुन्यावर परम्याची तपासणी सहसा होत नाही. यावर ‘आपल्याला हे परवडणार नाही’ असा पहिला आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मात्र क्षयाच्या निदानासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचलेल्या सीबीनॅट यंत्रांचेच तंत्र वापरून घशाच्या नमुन्यातला परमा व क्लॅमिडिया ओळखता येतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2019 मध्ये अशा वापराला मान्यता दिली. आणि घशातून स्वॅब घेणे म्हणजे काय, हे 2020 नंतर इथल्या पोराटोरांनाही समजावून सांगावे लागत नाही. खर्च आहेच, पण यंत्र आणि सवय या दोन्हींची सुरुवात शून्यापासून करायची नाही.

दुसरा आक्षेप संस्कृतीच्या नावाने येतो : हे पाश्चात्त्यांचे चाळे, त्यांचे रोगही त्यांनाच लखलाभ. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘औपरिष्टक’ या नावाने मुखमैथुनावर स्वतंत्र अध्याय आहे, एवढे सांगितले तरी यातला इतिहास मोडीत निघतो. रोग परक्याच्या माथी मारण्याची खोड मात्र आपल्याकडे जुनी आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने उपदंशासारख्या नव्या आजाराला ‘फिरंग रोग’ म्हटले. तो पोर्तुगीजांबरोबर आला असे मानले जात होते, आणि ते कदाचित बरोबरही असेल. पण नाव फिरंग्यांचे ठेवल्याने आजार फिरंग्यांपुरता राहिला नाही. कायद्यानेही लपवाछपवीला हातभार लावला. 1925 मध्ये सिंधमधल्या खानू विरुद्ध सम्राट या खटल्यात मुखमैथुन भारतीय दंडसंहितेच्या कलम 377 खाली येते असा निर्णय झाला, आणि सज्ञान व्यक्तींच्या संमतीने झालेली कृती या कलमातून 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वगळेपर्यंत ही टांगती तलवार कायम होती. जी गोष्ट गुन्हा आहे ती डॉक्टरपुढे कोण कबूल करील? ‘बोललात तर लोक बिघडतील’ ही भीतीही नवी नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकावर वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले. शंका मात्र मिटल्या नाहीत, त्या फक्त पुन्हा कुजबुजीत गेल्या.

तिसरा आक्षेप सर्वांत सोज्ज्वळ वाटतो : आपले वर्तन शुद्ध असेल तर चाचणी कशाला? याला हर्पीसचे उदाहरण पुरेसे आहे. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात हर्पीसचा पहिला प्रकार असतो. तो बहुधा लहानपणी, घरच्यांच्या लाळेतून आलेला असतो. तापात ओठावर फोड उठतात ते याचेच. असा माणूस आयुष्यात कधीही ‘बाहेर’ गेलेला नसला तरी मुखमैथुनातून जोडीदाराच्या जननेंद्रियावर हर्पीस देऊ शकतो. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत स्त्रीला हा संसर्ग प्रथमच झाला, तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकते. इथे बेइमानीचा शोध घेऊ लागलो तर निष्पाप माणसावर आळ येतो आणि उपयोगाचा सल्ला राहून जातो. ओठावर फोड असताना हा संबंध टाळावा, एवढाच तो साधा सल्ला.

चौथा आक्षेप वैज्ञानिक आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घशातले बरेचसे परम्याचे संसर्ग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जातात. लक्षणे नसलेल्या सर्वांना वारंवार तपासून औषधे दिली, तर प्रतिजैविकांचा वापर वाढेल आणि ज्या प्रतिकाराची धास्ती आहे तोच बळावेल, असा इशारा बेल्जियममधल्या संशोधकांनी दिला आहे. म्हणून सरसकट तपासणीची मागणी चुकीची ठरेल. अनेक जोडीदार असलेल्यांची, जोडीदाराला परमा झाल्याचे कळलेल्यांची, आणि उपचारानंतरही तक्रार परत आलेल्यांची तपासणी हवी, आणि संपर्क जिथे झाला त्या जागेची हवी. चाचणीची मर्यादाही सांगायला हवी. घशातल्या एचपीव्हीसाठी मान्यताप्राप्त तपासणी नाही. या विषाणूचा 16 क्रमांकाचा प्रकार घशाच्या कर्करोगाला कारण ठरतो. अमेरिकेत असे बहुतांश कर्करोग आज त्याच्याशी जोडले जातात, तर आपल्याकडे अजून तंबाखूच मोठी गुन्हेगार आहे. एचपीव्हीविरुद्ध भिस्त लसीची, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस आता देशातच तयार होते. उपदंश आणि एचआयव्हीच्या रक्तचाचण्या संपर्कानंतर लगेच केल्या तर खोटा दिलासा देतात. काही आठवड्यांनी त्या पुन्हा कराव्या लागतात. कंडोम इथेही उपयोगी आहे. माउथवॉशने परमा टळतो ही समजूत मात्र ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत टिकली नाही.

एवढे सगळे बदलायला नवा कायदा लागत नाही. एचआयव्हीबाबत संमती व गोपनीयतेची हमी देणारा 2017 चा कायदा आहे, 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे, समुपदेशक आहेत. बदलायचा आहे तो पहिला प्रश्न. ‘बाहेर कुठे संबंध आला होता का?’ याऐवजी ‘गेल्या तीन महिन्यांत तोंडाने, योनीतून किंवा गुदद्वारातून, कोणत्या प्रकारचा संबंध झाला? हे मी सर्वांनाच विचारतो, कारण नमुना कुठून घ्यायचा ते त्यावर ठरते,’ असे डॉक्टर म्हणू शकतो. पहिल्यांदा दोघेही चाचरतील. पण या प्रश्नाला खरे उत्तर देताना रुग्णाला आपल्या चारित्र्याचा जबाब द्यावा लागत नाही, आणि उत्तर ‘हो’ आले तर स्वॅब कुठे फिरवायचा हे डॉक्टरला कळलेले असते.