राखण कीं युद्ध?

जो घाम गाळून पेरतो, त्यास आपल्या पिकाची राखण करण्याचा अधिकार आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पिकावर पडणाऱ्या पक्ष्यांस त्यानें हुसकावें, आणि अन्य उपाय न चालल्यास मारावें, हेंही आम्ही मान्य करूं. परंतु राज्यसत्तेनें पक्ष्यांवर सैन्य पाठविलें, तर त्यास राखण म्हणावें कीं युद्ध? १९३२ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांत हाच प्रकार घडला.

पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या अनेक शिपायांस तेथें शेतीसाठीं जमिनी मिळाल्या होत्या. पुढें जागतिक मंदींत गव्हाचे भाव कोसळले, आणि सरकारनें कबूल केलेली मदत कांहीं हातीं पडली नाहीं. अशांतच कँपियन भागांत सुमारें २०,००० एमू पक्षी उतरले. मनुष्यानें रान तोडून केलेलीं शेतें व गुरांसाठीं सांठविलेलें पाणी त्यांस आयतेंच सांपडलें. त्यांनीं गहूं खाल्ला, तुडविला, आणि कुंपणास भगदाडें पाडून सशांसही वाट करून दिली.

गांजलेल्या शेतकऱ्यांनीं संरक्षणमंत्री सर जॉर्ज पिअर्स यांजकडे मशीनगनी मागितल्या, आणि त्या मिळाल्या! नोव्हेंबरच्या प्रारंभीं मेजर मेरेडिथ दोन लुइस मशीनगनी व १०,००० गोळ्या घेऊन निघाले. पक्षी लहान लहान टोळ्या करून पांगत. एक मशीनगन मोटारीवर चढविली, तों खडबडीत जमिनीवर नेमच धरवेना. आठवड्याच्या आंत पथक परत बोलाविलें गेलें. मग पुन्हां धाडलें गेलें. डिसेंबरांत मोहीम आटोपली, तेव्हां ९,८६० गोळ्यांत ९८६ पक्षी मारल्याचा हिशेब मेजरांनीं दिला.

या हकीकतीस जग आजही हंसतें. आम्हांसही प्रथम हंसूंच आलें. परंतु गोळ्या नेमक्या लागल्या असत्या, तर ही मोहीम योग्य ठरली असती काय? १९३४ सालीं पक्ष्यामागें बक्षीस देण्याच्या योजनेंत सहा महिन्यांत ५७,०३४ पक्ष्यांचें बक्षीस मागितलें गेलें. 'एमू जिंकले' असें म्हणणारांनीं हा आंकडा विसरूं नये. तेव्हां मोहिमेचा दोष तिच्या अपयशांत शोधणें व्यर्थ आहे.

आमच्या मतें दोष 'शत्रु' ठरविण्यांत आहे. युद्धास शत्रु लागतो, आणि शत्रूच्या ठायीं हेतु लागतो. भुकेल्या पक्ष्यास कसला हेतु? गव्हाचे भाव त्यानें पाडले नव्हते, मदतीचें वचन त्यानें मोडलें नव्हतें. शेतकऱ्याचा संताप खरा होता, आणि त्यास उत्तर देणें सरकारचें कर्तव्य होतें. मात्र वचन पाळण्यास पैसा लागतो. मशीनगनी कोठारांत तयारच असतात. म्हणून गाऱ्हाण्याच्या बदल्यांत त्यास एक शत्रु देण्यांत आला. जो शिपाईगिरी सोडून नांगर धरावयास आला होता, त्याच्या शेतांत पुन्हां युद्धच उभें राहिलें!

राखणीस मर्यादा असते: शेताचा बांध आणि पिकाचा हंगाम. युद्धास तशी मर्यादा नसते. आणि कोणाचें कोणास काय देणें होतें, हा प्रश्न त्याच्या गलबल्यांत बुडून जातो. त्याच देशाच्या राजचिन्हावर कांगारूसमोर एमू उभा आहे. हंसणारांनीं हंसावें, पण त्या उद्ध्वस्त शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या मनुष्यास त्याचें देणें मिळालें काय, हेंही विचारावें.