एकांत दोघांचा असू शकतो का?

चौक गावाहून नानिवलीमार्गे इर्शाळगडाकडे निघालेले नवरा-बायको बराच वेळ एकमेकांशी बोलत नाहीत, तरी त्यांच्यात काही बिनसलेले नसते. पायवाट अरुंद, एकाने पुढे आणि दुसऱ्याने मागे चालायचे. चढणीला दम राखायचा तर बोलणे आपोआप थांबते. या शांततेला आध्यात्मिक मोल द्यायला आपण तयार नसतो. एकांत एकट्याचाच आणि संसार त्याच्या आड येणारा, असे धरूनच चालतो. मला हे पटत नाही. सोबत चालणे हा तर आपल्याच परंपरेने लग्नाचा गाभा मानला आहे. सप्तपदीतले सातवे पाऊल सख्यासाठी असते. आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 7 सांगते की, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो.

यावर कुणी म्हणेल, तुकोबा भंडाऱ्यावर एकटेच बसत. खरे आहे. पण त्याच कथेत भाकरी घेऊन डोंगर चढणारी, पायात काटा रुतलेली त्यांची पत्नी जिजाईही आहे. तुकोबांचा एकांत तिच्या चढणीवर उभा होता, आणि तिला नुसती कजाग म्हणून रंगवणे हा अन्याय आहे. घर सोडायला निघालेला याज्ञवल्क्यही अमृतत्वाचा उपदेश करतो तो पत्नी मैत्रेयीला, कारण संपत्तीची वाटणी बाजूला सारून तिनेच तो प्रश्न विचारलेला असतो. सोबत आली की आसक्ती आलीच, असाही आक्षेप आहे. गडाच्या कातळटप्प्यावर पाहावे. पुढचा वर पोचून थांबतो. त्याचा हात धरायचा की स्वतःच खोबण शोधायची, हे मागची ठरवते. तो हात पुढे करतो, ओढत नाही. आपल्या माणसावर मालकी न सांगण्याचा याहून चांगला अभ्यास गुहेत बसून कसा होणार? मौनात रुसवाही असू शकतो, पण रुसलेला माणूस मागच्यासाठी थांबत नाही.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे. याच वाटेवरच्या ठाकर आदिवासींच्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण बेपत्ता राहिले, आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. अशा डोंगरावर बाहेरून आलेल्या जोडप्याने शांती शोधावी का? ती दोघांपुरतीच हवी असेल, तर माझे उत्तर नाही असेच आहे. शेजारच्या माणसाचे मन न बोलता कळू लागले असेल, तर तिथे गाडल्या गेलेल्या घरांपाशी पाऊल अडखळलेच पाहिजे. ते अडखळत नसेल, तर त्या मौनाला साधना म्हणवत नाही. म्हणून जाणाऱ्यांना एवढीच विनंती: पावसाळ्यात ही वाट चढू नका, आणि एरवी गेलात तर वाडीच्या जागेपाशी मोबाइलवरचे गाणे बंद करा, फोटो काढू नका, आणि जेवणाचा डबा तिथे उघडू नका.