चार आकड्यांचं कुलूप

सायकलच्या चार आकडी कुलपाला 0000 पासून 9999 पर्यंत दहा हजार शक्यता. पण मालकाला वाढदिवसाची तारीख आणि महिना लावायची सवय आहे, हे चोराला ठाऊक असेल तर उरतात फक्त 366. कुलूप तेच, पोलादही तेच. ताकद आकडा निवडण्यात होती. ती गेली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता नाही.

आरएसए पद्धतीच्या डिजिटल किल्लीचंही असंच. दोन प्रचंड मूळ संख्या निवडायच्या आणि त्यांचा गुणाकार जाहीर करायचा. 15 म्हटलं की 3 आणि 5 लगेच सापडतात. सहाशेहून अधिक आकडी संख्येचे असे अवयव पाडणं आजच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचं. अट एकच, त्या मूळ संख्या साच्यातून काढलेल्या नसाव्यात.

चेक देशातल्या ब्रनोच्या मासारिक विद्यापीठात संशोधकांना एक प्रश्न पडला : हस्ताक्षरावरून माणूस ओळखावा तशी किल्लीवरून ती घडवणारी चिप ओळखता येईल का? 6 कोटींहून अधिक किल्ल्या तपासून 2016 मध्ये त्यांनी उत्तर दिलं, बऱ्याचदा येते. त्यातच इन्फिनिऑन कंपनीच्या चिपचं वळण डोळ्यांत भरलं. किल्ली झटपट बनावी म्हणून तिथं मूळ संख्या ठरावीक साच्यातून काढल्या जात होत्या.

ही चिप एस्टोनियाच्या ओळखपत्रांत होती. 13 लाखांच्या त्या देशात बँक, करविवरण, कंपनीची नोंदणी, मतदान, सगळं या कार्डावर चालतं. साडेसात लाखांच्या आसपास कार्डं कच्ची ठरली. संशोधकांनी 2017 च्या फेब्रुवारीत हा दोष चिपच्या उत्पादकाला कळवला. साच्यावरून किल्ली कशी फोडता येते याचा पूर्ण तपशील ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत राखून ठेवला. मधल्या काळात सरकारनं 5 सप्टेंबरला दोष स्वतःहून जाहीर केला, किल्ल्यांची खुली यादी बंद केली, दुसऱ्या गणितावरची किल्ली तयार ठेवली. 3 नोव्हेंबरच्या मध्यरात्री जुनी प्रमाणपत्रं थांबवली.

एस्टोनियाला वाचवायचं म्हणून कुणी त्या किल्ल्या मोजायला बसलं नव्हतं. पण मोजणारं कुणी तरी नेहमी बसलेलं असावं लागतं, कारण कुलूप कच्चं आहे हे ते स्वतः सांगत नाही. एस्टोनियात बहुतेकांनी घरबसल्या संगणकावरून किंवा पोलिसांच्या खिडकीवर जाऊन दुरुस्ती करून घेतली. खिशात परत ठेवलं ते कार्ड तेच होतं, फोटोही तोच. फक्त आतली किल्ली नवी होती.