नवें गीत कोठून येतें?

(शास्त्रपाठ : स्तोत्र ४० : १–३, कलस्सैकरांस ३ : १६)



चाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता आपल्या सुटकेची हकीकत सांगतो. तो चिखलांत रुतला होता. परमेश्वरानें त्याला वर काढिलें, खडकावर उभें केलें, आणि मग त्याच्या मुखांत नवें गीत घातलें. या क्रमाकडे लक्ष द्यावें. आधीं सुटका, मागून गीत. शिवाय तें गीत आपल्या बुद्धीच्या पेटींतून आपण काढिलें असें तो म्हणत नाहीं. तें आपल्या मुखांत घालण्यांत आलें, असें म्हणतो. तर मग गीत रचतांना देव काय करितो आणि मनुष्य काय करितो?

हा प्रश्न केवळ कवींचा नव्हे. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत दोन गोष्टी नेहमीं दृष्टीस पडतात. एखादी बहीण खुरपतांना प्रभूच्या वधस्तंभावर चार ओव्या जुळविते. पण "आम्हां अडाण्यांचें हें काम नव्हे" असें म्हणून त्या मनांतच ठेविते. उलट एखादा बंधू गीत घेऊन येतो आणि म्हणतो, "हें मला आत्म्यानें दिलें आहे, यांतील एकहि अक्षर बदलूं नका." पहिलीचें भय आणि दुसऱ्याचा ताठा हीं दोन्ही एकाच चुकीपासून उपजतात. गीत कोठून येतें हें दोघांसहि नीट समजलेलें नाहीं.

बारामतीचें नांव मराठी काव्यांत कायम झालें तें मोरोपंतांमुळें. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेले मोरेश्वर रामचंद्र पराडकर बाबूजी नाईकांच्या आश्रयानें बारामतीस राहिले, व १७९४ सालीं तेथेंच वारले. त्यांनीं आर्या वृत्तांत महाभारत रचिलें, आणि रामकथा तर नाना परींनीं पुनःपुन्हां गाइली. त्यांतील 'निरोष्ठ रामायण' म्हणतांना ओंठाला ओंठ लागत नाहीं. प, फ, ब, भ, म हीं अक्षरें वर्ज्य करावयाचीं, म्हणजे रामकथेंत 'राम' हें नांवच उच्चारतां यावयाचें नाहीं! असें काम क्षणाच्या लहरीनें होत नसतें. त्याला रोजची बैठक लागते, शब्दांचा सांठा लागतो, खोडून पुन्हां लिहिण्याचा धीर लागतो.

परंतु याच कष्टाळू कवीनें देवाची करुणा भाकली तेव्हां त्या काव्यास 'केकावलि' हें नांव दिलें. केका म्हणजे मोराचा टाहो. आपल्याच नांवावर त्यांनीं हा श्लेष केला आहे. मोर पाऊस पाडीत नाहीं. तो मान उंच करून मेघाला हांक मारितो. ज्या मुलखांत आषाढांतहि ढग नुसते वरून निघून जातात, त्या मुलखांतील वाचकांस या नांवाचा अर्थ फोड करून सांगावयास नको. त्यांची उपासना निराळी आणि आमची निराळी. आम्ही पित्यास हांक मारितों ती प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें. तथापि प्रत्येक उत्तम दान वरून उतरतें असें याकोब सांगतो (१ : १७). एवढा अभ्यास केलेल्या मनुष्यानेंहि शेवटीं स्वतःस हांक मारणारा म्हणविलें, यांत आम्हांस शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

आतां आमच्याच घरांतील उदाहरण पाहूं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस झाला. पद्य रचण्याची विद्या त्यांना त्यापूर्वींच अवगत होती. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें वृत्त आणि यमक शिकविलें नाहीं. शिकलेल्या हाताला ख्रिस्तानें नवा विषय दिला आणि त्या विषयानें हातहि बदलला. इंग्रजी रागांवर बसविलेल्या भाषांतरित गीतांनीं खेड्यांतील मनुष्याचें मन पुरतें हलत नाहीं, हें ओळखून त्यांनीं अभंग, भजन आणि कीर्तन यांचा मार्ग धरिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. आपल्याकडे तर हा पूल दरवर्षीं डोळ्यांसमोरून जातो. देहूहून निघालेली पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी आणि इंदापूर या वाटेनें पंढरीस जाते, आणि त्या चाली आपल्या मुलांच्या कानांत आपोआप बसतात. चाल म्हणजे भांडें. त्यांत काय भरावयाचें हें भरणाऱ्यानें ठरवावयाचें असतें.

टिळक १९१९ सालीं प्रभूकडे गेले, आणि त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. तें पुढें नेऊन पुरें केलें तें लक्ष्मीबाईंनीं. त्या कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या. वाचावयास शिकल्या त्या लग्नानंतर, घरींच. "आम्हां अडाण्यांचें हें काम नव्हे" असें म्हणणाऱ्या बहिणीनें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

शास्त्रहि हीच दुहेरी गोष्ट सांगतें. अलीशानें देवाचें वचन विचारण्यापूर्वीं वाद्य वाजविणारा बोलाविला, आणि वाद्य वाजूं लागलें तेव्हां परमेश्वराचा हात त्याजवर आला (२ राजे ३ : १५). बसालेलास देवाच्या आत्म्यानें भरिलें, आणि त्याचें फळ काय? सोनें, रुपें, पितळ आणि लांकूड यांवरील हातकाम (निर्गम ३१). मरीयेच्या गीतांत हन्नेच्या प्रार्थनेचे पडसाद आहेत. म्हणजे पवित्र आत्म्यानें त्या कुमारीच्या पाठांतराचा उपयोग करून घेतला. आत्मा कसब पुसून टाकीत नाहीं, तो कसबांत शिरतो. पौलहि आधीं ख्रिस्ताचें वचन अंतःकरणांत विपुल राहूं द्या असें सांगतो, आणि गीतांचें नांव मागून काढितो. आंत सांठा नसेल तर बाहेर काय वाहील?

आपल्या शेतकरी बंधूंस हें नीरेच्या कालव्यावरून चांगलें समजेल. १८७६–७७ च्या दुष्काळाचे घाव ताजे असतां हें काम हातीं घेण्यांत आलें, आणि १८८५ सालीं डावा कालवा सुरू झाला. पाऊस पडतो सह्याद्रीवर. पाणी सांठतें भोराकडे भाटघरास. आणि ऊंस उभा राहतो बारामती-इंदापुराच्या काळ्या रानांत. आपल्या शेतकऱ्यानें तो पाऊस पाडिला नाहीं, बहुधा तो पडतांना पाहिलाहि नाहीं. म्हणून तो स्वस्थ बसतो काय? चारींतील गाळ त्यानेंच काढावा लागतो, आणि पाळी आली म्हणजे कंदील घेऊन रात्रभर दारें त्यालाच धरावीं लागतात. चारी बुजलेली असली तर पाणी येऊनहि पीक वाळतें. चारी कितीहि सुरेख खणली, पण वरून पाणी सुटलें नाहीं, तरीहि पीक वाळतें. गीताचें असेंच आहे. प्रार्थना, पाठांतर आणि शब्दांची घासपूस ही आपली चारी. कृपेचें पाणी देवाचें. जो म्हणतो, "माझें गीत आत्म्याचें, त्यास हात लावूं नका," तो आपल्या चारींतील गाळालाच पाणी समजतो. पाणी निर्मळ आहे. गाळ आपला आहे, आणि तो बंधूंनीं दाखविला म्हणजे काढून टाकावा.

आणखी एक गोष्ट. पाणी चारींत राहावयासाठीं सोडलेलें नसतें. तें टोंकाच्या शेतापर्यंत गेलें पाहिजे. ज्या गीतानें केवळ रचणाऱ्याचें नांव झालें तें वाटेंतच मुरलें. ज्या गीतानें तापानें फणफणलेल्या मुलाच्या उशाशीं बसलेल्या आईला बळ दिलें, पिणाऱ्याच्या हातांतील पेला खालीं ठेवविला, दोन भाऊबंदांची बांधावरची भांडणें मिटविलीं, तें शेवटच्या वाफ्यास पोहोंचलें. फिलिप्पैच्या बंदिखान्यांत पौल व सीला मध्यरात्रीं गात होते, आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते.

म्हणून उपदेशकबंधूंस आमची विनंती आहे. महिन्यांतून एका संध्याकाळीं मंडळीस एकत्र बसवावें. शास्त्रांतील एक अध्याय वाचावा. मग ज्या कोणास ओवी, अभंग किंवा भजन सुचलें असेल त्यानें तें म्हणून दाखवावें. जें वचनाशीं जुळत नाहीं तें प्रीतीनें बाजूस ठेवावें, जें अडखळतें तें सर्वांनीं मिळून सरळ करावें, आणि जें खरें उतरलें असेल तें येत्या रविवारीं उपासनेंत गावें. लिहितां न येणाऱ्या बहिणीची ओवी शाळेंतल्या मुलानें वहींत उतरून घ्यावी. पुस्तकांत छापलेलीं गीतें आमच्या वडिलांनीं आपल्या दुःखांतून आणि सुटकेंतून आम्हांस दिलीं. आमच्या सुटकेचीं गीतें आम्हीं न दिलीं, तर आमचीं मुलें देवानें आमच्यासाठीं काय केलें हें कशावरून जाणतील?

ज्यानें आम्हांस चिखलांतून वर काढिलें, तोच आमच्या मुखांत नवें गीत घालो, आणि तें ऐकून पुष्कळांस त्याजवर भरंवसा ठेवण्याची बुद्धि होवो. आमेन.